निळ्या फळ्यावर नसलेला ठोकळा

मी ठोकळा बोलतोय. दीड किलो पोलादाचा, तळहातात मावणारा. माणसं चिडली की एकमेकांना माझ्या नावाने हाक मारतात, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या विमान कारखान्यातल्या काही टायवाल्यांना कुणी ठोकळा म्हटलं, तर अपमान माझा होतो.

एका तुटलेल्या शाफ्टच्या तुकड्यातून माझा जन्म झाला. लेथवर काम करणाऱ्या एका बापाने मला घासून घासून असं घडवलं, की त्याच्या दोन मुलींच्या हातात मी नीट बसावं. तेव्हा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. पिकांवर औषध फवारणारी छोटी विमानं तिथे बनत. मालक स्वतः फरशी झाडायचा आणि झाडताना सापडलेला स्क्रू खिशात जपून ठेवायचा.

माझं काम सोपं आहे. थोरली बाहेरून पंखाचे पत्रे जोडणारा रिव्हेट ठोकते. धाकटी आतल्या पोकळीत हात घालून मला रिव्हेटच्या दुसऱ्या टोकाशी दाबून धरते. मधे पत्रा, भोवती कान फाडणारा आवाज. म्हणून धाकटी मला पत्र्यावर आपटून टकटक करते. एक म्हणजे आणखी मार. दोन म्हणजे बसला. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. या कारखान्यात इतकी सरळ भाषा दुसरी कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

फवारणीच्या विमानांनंतर एकोणीस आसनांचं पंख्याचं विमान आलं. तेही सुखाने उडालं. मग मालकाचा मुलगा खुर्चीवर बसला आणि जेटचं वारं सुटलं. पन्नास आसनांचं जेट, लहान गावांना मोठ्या शहरांशी जोडणारं. त्या स्वप्नाला मी नावं ठेवणार नाही. आडगावचा आजारी माणूस तासाभरात मोठ्या इस्पितळात पोचणार असेल, तर त्याच्या पंखातल्या प्रत्येक रिव्हेटला मी जन्मभर टेकू द्यायला तयार आहे. पण स्वप्नाच्या मागोमाग काचेची इमारत आली, गालिचा आला आणि स्लाइडसाहेब आले.

हे नाव थोरलीने ठेवलेलं. साहेब भिंतीवर चित्रं दाखवायचे आणि 'आपण विमानं नाही, भविष्य घडवतो' असं म्हणायचे. त्यांच्या हाताला कधी ग्रीस लागलेलं मी पाहिलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले. यांच्या तर उंटालाही ड्रायव्हर होता.

आमच्याकडे एक फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आणि आकृतीवर एक खिळा. हत्यार जागेवर नसेल तर रिकामी आकृती लांबूनही डोळ्यांत खुपायची. म्हाताऱ्या मालकाचा नियम होता: फळा भरल्याशिवाय पंख बंद करायचा नाही.

पहिलं जेट शनिवारी उडणार होतं. शुक्रवारी साहेब पाहणीला आले आणि फळ्यापुढे नाक मुरडून उभे राहिले. "पाहुण्यांना हे दाखवायचं? कंपनीचा निळा रंग द्या."

रंगाऱ्यांनी हत्यारं उतरवली, खिळे उपटले, फळा निळा केला आणि ढिगात होती तेवढ्याच हत्यारांच्या नव्या आकृत्या काढल्या. मी ढिगात नव्हतो. मी पंखात होतो, कामावर. सगळा कारखाना नटत असताना काम करत राहिलो, हाच माझा गुन्हा.

तेवढ्यात हाक आली, सगळ्यांनी नव्या टोप्या घालून फोटोला या. धाकटीने मला पंखातल्या एका कडेवर ठेवलं. "दोन मिनिटांत आले हं," ती मला म्हणाली. फोटो दीड तास चालला, कारण साहेबांची टोपी तिरकी बसत होती. तोवर दुसऱ्या पाळीला आलेल्या तुकडीने पंखाचं झाकण लावलं. तपासनिसाने फळा पाहिला. भरलेला. त्याने सही ठोकली.

मी अंधारात पडून होतो. शेजारी पंखाच्या मागच्या कडेची, विमान वळवणारी पट्टी हलवणारा दांडा. विमान कललं, की मी घसरून त्याच्याखाली अडकणार आणि वैमानिकाच्या हातातलं विमान त्याचं राहणार नाही. माणसं मारायला मला घडवलं नव्हतं.

शनिवारी सकाळी धाकटीचा हात सवयीने फळ्याकडे गेला. खिळाच नव्हता. ती पांढरी पडली. "ताई, ठोकळा आतच राहिला गं. माझी नोकरी जाणार."

"नोकरी गेली तर दुसरी बघू," थोरली म्हणाली. "माणूस गेला तर दुसरा कुठून आणशील? चल."

साहेब पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होते. "फळा भरलेला आहे, सही झालेली आहे. कागदावर तुमचा ठोकळा अस्तित्वातच नाही."

"कागदावर नाही, पंखात आहे," थोरली म्हणाली. "तुमचा कागद उडणार असेल तर खुशाल उडवा."

"बाई, चार वाजता उड्डाण आहे! पाहुण्यांना काय सांगू?"

"सांगा, फळा फार सुंदर झालाय."

वैमानिक शिडीपाशी उभा होता. त्याने धाकटीला एवढंच विचारलं, "केवढा आहे?"

तिने तळहात पसरला. "एवढा. दीड किलो. मीच विसरले, दादा."

त्याने हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि तो शिडीच्या पायरीवर बसला. "उघडा. मी इथेच आहे."

झाकण निघालं. धाकटीचा हात आत आला आणि माझ्याभोवती मिटला.

उड्डाण सोमवारी झालं. जेट देखणं उडालं. धाकटीची नोकरी वाचली, वैमानिक तिच्या बाजूने उभा राहिला म्हणून. थोरलीला मात्र 'पाहुण्यांसमोर उद्धटपणा' केल्याबद्दल गोदामात खोकी मोजायला बसवलं. तीस वर्षं रिव्हेट ठोकणारे हात आता चिठ्ठ्या चिकटवतात.

आणि मी? साहेबांनी माझी स्लाइड केली. मला घासूनपुसून काचेच्या इमारतीच्या दारात, काचेच्याच पेटीत मांडलंय. खाली पाटी आहे: 'सुरक्षा, आमची परंपरा'. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. फळा अजून निळाच आहे. त्यावर माझी आकृती अजूनही नाही.

वाचकहो, तुम्ही कधी त्या जेटमधून गेलात, तर पंखाकडे बघून साहेबांचं कौतुक करू नका. आणि इथून गेलात तर कुणाला तरी सांगा, थोरलीला परत आणा, मला खिळ्यावर टांगा. मी शोभेसाठी जन्मलो नाही.

धाकटी रोज सकाळी कामावर जाताना पेटीपाशी थांबते. बोटाच्या पेराने काचेवर वाजवते.

एक. दोन. तीन.

साहेब जवळून जातात. त्यांना वाटतं, ती मला नमस्कार करते.