पाण्याच्या दोन हात वर

गल्लीत तिला सगळे तक्तेवाली म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. नगरपालिकेत हवामानाच्या टेबलावर बसणारी ही बाई महिन्याभरात तीनदा गुंडाळी काखोटीला मारून आली, पावसाच्या वर चढत गेलेल्या रेषा तीनदा दाखवल्या, आणि लोकांनी तीनदा चहा पिऊन मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! गल्लीच्या टोकाचं पार्किंग काढून तिथं पावसाचं पाणी साठवायची टाकी करायची होती. एक्केचाळीस घरांपैकी एकवीस सह्या हव्या होत्या, झाल्या होत्या सहा. सोमवारपर्यंत बाकीच्या मिळाल्या नाहीत, तर टाकी दुसऱ्या वॉर्डात जाणार होती.

तिच्या जिवाला खरा घोर होता तो मावशीचा. मावशीचं घर गल्लीत सगळ्यात खाली, रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून, आणि घरात ती एकटी. मावशीनं हो म्हटलं की निम्मी गल्ली हो म्हणायची. पण सख्ख्या भाचीलाही ती दाद देईना.

"पाणी येतं नि जातं," ती म्हणायची. "तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून बघतेय मी. तुझ्या रेघांतून मला आणखी काय कळायचंय?"

गुरुवारी तक्तेवाली तोंड पाडून मावशीकडे चहा पीत बसली होती. समोर भिंतीवर मेन स्विचचा बोर्ड. त्याच्याखाली भिंतीत भोकं होती, चार-चार भोकांचे तीन संच, एकाखाली एक. ती वर्षानुवर्षं या घरात येत होती, पण हे काय म्हणून तिनं कधी विचारलं नव्हतं.

"ही कसली गं भोकं?"

"वायरमनला विचार. त्याचे उद्योग आहेत ते."

वायरमनकाका कोपऱ्यावरच्या दुकानात पंखा उघडून बसले होते. मान वर न करताच ते म्हणाले, "माझा एक नियम आहे. घरात पाणी जिथवर चढलं, त्याच्या दोन हात वर बोर्ड. पाणी वर चढलं की बोर्डही वर. भोकं बुजवणं गवंड्याचं काम, माझं नाही."

"फक्त मावशीकडेच?"

"छे. खालच्या चौदाही घरांत."

झालं. तक्तेवालीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. टेप घेऊन ती दोन दिवस घरोघर हिंडली. लोक हसले, पण मापू दिलं. प्रत्येक घरात तेच तीन संच आणि वर बोर्ड. गंमत म्हणजे प्रत्येकाला वाटत होतं, हे नशीब आपल्याच घराचं. एकाचा उंबरा बुटका, दुसरीच्या सुनेनं दार उघडं ठेवलेलं. मापातून दोन हात वजा केले, की घोटा, गुडघा, मांडी, कंबर. काकांनी सांगितलेल्या सालांवरून मधली अंतरं नऊ वर्षं, सहा वर्षं आणि शेवटी तीन. ऑफिसात बसून तिनं काढलेली रेष इथं भिंतीवर ड्रिलनं काढलेली होती. तिला हसू आलं, आणि मग तिनं शेवटचं माप पुन्हा एकदा घेतलं.

रविवारी सकाळी तिनं गल्लीला मावशीच्या घरी बोलावलं. वीस-पंचवीस जण दारात जमले. ती भिंतीकडे वळली.

भिंत गुळगुळीत होती. ताज्या रंगाचा वास येत होता.

"चार माणसं येणार म्हणून काल भोकांत लांबी भरून वर रंग मारून घेतला," मावशी कौतुकानं म्हणाली. "तुझी मान खाली जायला नको."

आता हिला काय म्हणावं? तक्तेवालीनं कपाळाला हात लावला. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. वायरमनकाका मात्र दाराला टेकून बोर्डाकडे बघत होते.

"मावशी, गेल्या वेळी मेन स्विच कुणी बंद केला होता?"

"शेजारच्यानं. कंबरभर पाण्यातून आला बिचारा."

"तो तर बदलीवर गेला. आता तुम्ही बंद करून दाखवा बरं."

"त्यात काय एवढं," म्हणत मावशी पुढं झाली. हात वर केला. बोटं वीतभर खाली राहिली. चवड्यांवर उभी राहिली, तरी पोचेना. मग तिनं लाकडी स्टूल ओढलं, एक पाय त्यावर ठेवला आणि थांबली. खाली कोरड्या फरशीकडे बघत राहिली.

"पाण्यात हे तरंगेल गं," ती हळूच म्हणाली.

मग ती वायरमनकाकांकडे वळली.

"आणि पुढच्या वेळी कुठं लावशील रे बोर्ड?"

वायरमनकाकांनी छताकडे बघितलं. मावशी स्टुलावर बसली. दारातली माणसं एकेक करून गुपचूप घरी निघाली, आपापला हात पुरतो का ते बघायला. दुपारपर्यंत त्यातली बरीच परत आली, आणि कागदावर चोवीस सह्या झाल्या. नव्यांतली पहिली मावशीची होती.

"एवढं साधं होतं, तर आधी का नाही सांगितलंस?" पेन परत देताना तिनं विचारलं.

"मला तरी कुठं ठाऊक होतं, मावशी," तक्तेवाली म्हणाली.