नाव लपवायची सोय

शुक्रवार पेठेत सयाजीच्या दुकानाचा पत्ता विचारला की लोक उलट विचारायचे, "विजयाक्काच्या भाकरीचं दुकान का?" सयाजीला हे लई टोचायचं. दुकान त्याचं, मागची शेड त्याची, पाटीवरचं नावही त्याचंच. पण कडक भाकरी करायची ती त्याची थोरली भावजय विजयमाला, आणि तिच्या जोडीला मायाक्का आणि शरणम्मा. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजायची आणि निखाऱ्याच्या धगीला उभी करून कडक करायची. पंधरा वर्षं तिघी हेच करत होत्या.

दोन वर्षांमागं विजयमालेनं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि भाकरी थापता थापता तोंडाला येईल ते बोलत सुटली. ज्वारी कुठली घ्यावी, सासूनं पहिल्या दिवशी काय ऐकवलं, मायाक्काची थट्टा. तो व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला, मग तसे टाकतच गेली, आणि बघणारे वाढत वाढत चाळीस हजारांवर गेले. कुणी शिकवलं नव्हतं. चुकत चुकत तीच शिकली.

एका दुपारी सयाजी वेबसाइट करणाऱ्या रेश्माला घेऊन शेडमध्ये आला. विजयमालेचा नवरा भारतही मागोमाग आला. रेश्मानं लॅपटॉप पोत्यांच्या थप्पीवर ठेवला.

वेबसाइट चकचकीत होती. वर मोठ्या अक्षरात 'सयाजी फूड्स', शेजारी फेटा बांधलेला सयाजी. त्याखाली नथ घातलेली एक गोरीपान बाई परातीत हात घालून हसत होती.

"ही कोण?" मायाक्कानं विचारलं.

"विकतचा फोटो हाय," सयाजी म्हणाला. "वहिनी, जरा फोन द्या. एक बटन दाबायचं हाय."

फोटोच्या खाली एक रिकामी चौकट होती. विजयमालेनं हात पदराला पुसले, पण फोन दिला नाही. ती रेश्माकडं वळली. "पोरी, बटन दाबलं की काय हुतं?"

"काकू, तुम्ही इन्स्टाग्रामवर जे टाकता, ते या चौकटीत आपोआप दिसायला लागेल. आज टाकलं की आजच इथं. फक्त अकाउंट ज्याचं आहे, त्याला परवानगी द्यावी लागते."

"म्हंजे माजे व्हिडिओ ह्येंच्या वेबसाइटवर. आन् खाली माजं नाव येणार न्हवं?"

रेश्मानं सयाजीकडं पाहिलं, मग लॅपटॉपकडं. शेवटी म्हणाली, "नाव लपवायची सोय असते. सरांनी ती चालू करायला सांगितलीय."



"ब्रँड एकच असावा लागतो, वहिनी," सयाजी घाईघाईनं म्हणाला. "चार नावं दिसली की गिऱ्हाईक गोंधळतं."

"मग माजंच ठेवा की. ते गोंधळत न्हाईत. पत्ता त्याच नावानं इचारत्यात."

"दादा, सांगा की जरा!" सयाजी थोरल्या भावाकडं वळला.

भारतनं आयुष्यभर भांडण टाळलं होतं. तो जमिनीकडं बघत पुटपुटला, "दे की गं. घरातलंच हाय."

"घरातलं हाय म्हणूनच इचारते," विजयमाला म्हणाली. "परक्यानं नाव पुसलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. न्हाई दाबणार बटन."

सयाजीचा चेहरा लाल झाला. "शेड माझी हाय, वहिनी. इसरू नका."

"ठेवा की शेड. तवे आमचे हाईत."

हे ती रागात बोलून गेली, असं सगळ्यांना वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिघींनी तवे, पराती आणि काटवटी टमटममध्ये घातल्या आणि शरणम्माच्या अंगणात नेल्या.   भारत दारात उभा होता. मग चपला घालून आला आणि सगळ्यात जड तवा त्यानं उचलला.

सयाजीनं नवं अकाउंट काढलं. बाहेरून आणलेल्या भाकरीचे सहा फोटो टाकले, ते चौकटीत दिसायला लागले. आणि त्या सहाही फोटोंखाली लोक एकच विचारायला लागले: विजयाक्का कुठं गेल्या? सयाजी एकेक प्रश्न पुसत बसायचा. पुसून होईतो दुसरे दोन यायचे.

पुढच्या रविवारी रेश्मा अंगणात आली. सयाजीचं काम तिनं सोडलं होतं. "काकू, तुमचीच वेबसाइट करू या," ती म्हणाली. एका पानाची साधी वेबसाइट झाली. विकतचा फोटो एकही नाही. वरपासून खालपर्यंत विजयमालेचे व्हिडिओ, आणि प्रत्येकाखाली तिघींची नावं.

शरणम्मा तेवढ्यावरही खूश नव्हती. "माझं नाव कन्नडात पाहिजे," ती अडून बसली. "अक्कलकोटला माझी बहीण बघते. तिला मराठी वाचता येत नाही." रेश्मानं कन्नडात नाव घातलं, तेव्हाच तिनं चहा घेतला.

दोन महिन्यांनी सयाजी स्वतः आला. अंगणात उभ्यानंच म्हणाला, "वहिनी, दुकानाला माल द्या. गिऱ्हाईक दुसरी भाकरी घेईना झालंय."

"देते की. पण पुड्यावर तिघींची नावं छापायची. दुकानात बी, वेबसाइटवर बी."

"तिघींची? तुमचं एकटीचं छापतो."

"मी एकटी थापत न्हाई, भावजी."

सयाजी बाजेवर बसला. "इचार करतो," म्हणून उठला. मायाक्कानं त्याच्या हातावर एक गरम भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली. त्यानं ती तिथंच उभ्यानं खाल्ली आणि गेला.

"छापंल का?" शरणम्मानं विचारलं.

"न्हाई छापलं तर आपला माल आपुन इकू," विजयमाला म्हणाली आणि तिनं पुढचा गोळा परातीत घेतला.