इंद्रभानची नाडी

डॉक्टर भाऊराव मूळचे अमडापूरचे. पोरगा डॉक्टर झाला याचं गावात कौतुक झालं, पण वेड्यांचा डॉक्टर झाला म्हटल्यावर लोक त्यांच्या आईलाच हळू आवाजात तब्येत विचारू लागले. नागपूरच्या इस्पितळातही या गृहस्थांचं सगळं उलटंच. उघड वेडे दुसऱ्यांकडे सोडून हे जे वेडे नाहीत त्यांच्या मागे लागले. बोलायला गोड, डोकं शाबूत, आणि दुसऱ्याचा जीव गेला तरी ज्यांचं जेवण चुकत नाही अशी माणसं. हा व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे, असं ते सांगायचे. "विकार कसला, माज आहे," असं म्हणून वरिष्ठ चहा मागवायचे.

साखरखेर्ड्याचा इंद्रभान त्यातलाच. बैल पाण्यावर न्यायला उशीर झाला म्हणून त्यानं बायकोला, कोकिळाला, विहिरीच्या पायऱ्यांवरून ढकललं. तिचा हात मोडला. सासरे पुंजाजी देऊळगाव राजाचे, भाजीपाल्याची बागायत करणारे. जावयाला वेड लागलं असं समजून त्यांनी त्याला नागपूरला आणलं. भाऊरावांनी त्याला महिनाभर तपासलं. हा पुन्हा ढकलेल, आणि पुढच्या वेळी नुसता हात मोडणार नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. पण वेडा नसलेल्या माणसाला इस्पितळात ठेवणार कसं? सुटल्या सुटल्या इंद्रभान सासुरवाडीला हजर झाला, बायकोला न्यायला.

पुंजाजींच्या अंगणात बैठक बसली. दोन्ही घरांचे नातलग असलेले नारायणराव मध्ये बसले. त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. डॉक्टरांनाही मुद्दाम बोलावलं होतं. कोकिळा दारात उभी होती, हात अजून झोळीत.

"ढकललं नाही मामा, पाय घसरला तिचा," इंद्रभान सासऱ्यांपुढे हात जोडून म्हणाला. "तरी चूक माझीच. मी ध्यान द्यायले पाह्यजे होतं."

काय गरीब चेहरा केला होता! पाहणाऱ्याला वाटावं, यालाच कुणीतरी ढकललंय.

"बेलभंडारा उचलशीन?" नारायणरावांनी विचारलं.

देव्हाऱ्यातला बेल आणि हळदीचा भंडारा तळहातावर घेऊन माणूस बोलला की त्यापुढे साक्षीपुरावा नाही. कोर्टात सर्रास खोटं बोलणारी माणसंसुद्धा भंडाऱ्यापुढे चळचळा कापतात. ताटली आली. तेवढ्यात भाऊराव उठले आणि इंद्रभानचं मनगट धरून म्हणाले, "आता उचल."

खोटं बोलताना या माणसाची नाडी हलत नाही, हे त्यांनी नागपुरात कितीदा तरी पाहिलं होतं. देवापुढेही हलत नाही हे चारचौघांत दाखवायचं आणि मग समजावून सांगायचं, असा त्यांचा बेत. विद्वान माणूस! आधी सांगावं, मग दाखवावं, एवढं साधं सुचलं नाही.

इंद्रभाननं भंडारा उचलला. "मी हिले ढकललं नाही. पुढं बोटही लावणार नाही."

"नाडी पाहा! जरासुद्धा हलली नाही," भाऊराव जिंकल्यासारखे म्हणाले.

"हाव ना!" नारायणरावांनी मांडीवर थाप मारली. "डाक्टरनंच सांगतलं. माणूस खरा हाये."

"नाही, उलटं आहे. याला भीतीच..."

"आता पोरीची पाहा."

कोकिळानं चांगल्या हातात भंडारा घेतला. "यायनं ढकललं मले," एवढंच ती बोलली. भाऊरावांच्या बोटांखाली तिची नाडी नुसती उडत होती. खोटं सांगावं का, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण तिचा थरथरणारा हात सगळ्यांनाच दिसत होता.

"पळते आहे," ते म्हणाले. "पळणारच. खऱ्या माणसाला देवाची भीती वाटते."

कुणी ऐकेना. पुंजाजींनी मान खाली घातली. "जाय बाई, कपडे बांध," नारायणराव म्हणाले. कोकिळा जागची हलली नाही. तिनं बापाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. एवढी वर्षं शिकून आपणच या पोरीला विहिरीत लोटलं, असं भाऊरावांना वाटलं.

त्यांनी ताटली उचलून नारायणरावांपुढे धरली. "काका, मग तुम्ही उचला. म्हणा, ही पोरगी तिथं जिवंत राहील."

नारायणरावांचा हात पुढे आला आणि ताटलीवर थांबला. बोटं कापायला लागली. त्यांनी हात मागं घेतला. भाऊरावांनी ताटली पुंजाजींपुढे नेली, मग बाकीच्यांपुढे. जो तो नजर चुकवू लागला.

"मी उचलतो ना," इंद्रभान हसत पुढे झाला. "किती बार उचलू, सांगा. दहा बार उचलतो."

त्यानं ताटलीत हात घातला. सुपारी उचलावी तसा.

नारायणराव त्या हाताकडे पाहतच राहिले. मग त्यांनी ताटली ओढून घेतली आणि छातीशी धरली. पुंजाजी उठून दारात, लेकीच्या पुढे जाऊन उभे राहिले. "पोरगी येत नाही," ते म्हणाले. "तू जाय."

रीतसर काडीमोड झाली. कोकिळा बापाच्या मळ्यात राहिली, वाचली. भाऊरावांनी इंद्रभानवर निबंध लिहिला, मुंबईच्या परिषदेत वाचला. वरिष्ठांनी पहिल्यांदाच पाठ थोपटली.

वर्षभरानं अमडापूरचे शेषराव पेढे घेऊन नागपूरला आले. गावचे म्हणून भाऊरावांनी त्यांना आग्रहानं बसवून घेतलं.

"आमच्या पोरीचं, आशाचं लगन केलं परवा," शेषराव खुशीत म्हणाले. "साखरखेर्ड्याले देली. पोरगा इंद्रभान. पहिलीसंगं काडीमोड झाली हाये, म्हणून मन मागंपुढं होत होतं. पण त्यानंच सांगतलं, नागपूरच्या मोठ्या डाक्टरनं देवापुढं नाडी पाह्यली, खरा निंगालो म्हणून. नाव इचारलं तं तुमचं! मंग म्हटलं, आपल्या गावच्या माणसानं पारखलं, आता काय पाह्याचं?"

भाऊराव उभे राहिले. "पोरगी कुठंय?"

"काल सासरी धाडली. काऊन?"