नऊ वेळा चिंता

पैज लागली ती शुक्री न्हाव्याच्या दुकानात. दुसऱ्या दिवशी परदेशी वकिलातींची मंडळी शाळा बघायला येणार होती. शाळा म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या, आणि त्या परवा सकाळी पाडणार, अशी लष्कराची नोटीस दारावर चिकटवलेली.

"येतील, फोटो काढतील आणि म्हणतील, आम्हाला तीव्र चिंता वाटते," हिल्मी म्हणाला. "निदान दहा वेळा. एक जरी कमी भरली तर माझी मिशी काढ, भर चौकात."

"आणि दहा भरल्या तर?"

"तर तुझी."

हिल्मीची मिशी तीस वर्षांची. लग्नाच्या बोलणीला हिल्मीच्या आधी तीच पोचायची. शुक्री हावरटासारखा हसला. "लागली!"

हिल्मीची लेक रिहाब त्याच शाळेत शिकवायची. ती भडकलीच. "बाबा, माझी शाळा हातची चाललीय आणि तुम्ही मिशा पणाला लावताय?"

"अगं, पाण्याच्या टाकीच्या वेळी रडलोच होतो ना यांच्यापुढे? राहिली का टाकी?"

तीन पांढऱ्या गाड्या आल्या. पुढारी एक पिकल्या केसांच्या राजदूत बाई, सोबत दुभाष्या. हिल्मी दर चिंतेला जपमाळेचा एक मणी सरकवत मागे मागे. रस्ता बंद, चिंता. विहीर बुजवली, चिंता. वर्गात तर एकदम सहा. न्यूयॉर्कात ठराव मांडला, बड्या देशाने नकाराधिकार वापरून तो पाडला, त्याचीही चिंता. नऊ झाल्या. शुक्रीने आपल्या मिशीवर हात ठेवला.

शाळेच्या अंगणात कॉफी आली. बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात हिल्मीला खिडकीतून रिहाब दिसली. ती फळ्यावर उद्याचा धडा लिहीत होती. उद्याचा!

त्याने भरला कप खाली ठेवला. "थांबा बाईसाहेब. तो शब्द आता नको."

शुक्री चाट पडला.

"आमच्यात मागणं घेऊन आलेला माणूस, मागणं मान्य होईस्तोवर यजमानाची कॉफी पीत नाही."

"पण यजमान तर तुम्ही," दुभाष्या म्हणाला.

"कॉफी आमची, बाबा. पण ठराव कुणाच्या हातात? नकार कुणाच्या? पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याच दारात बसलोय आम्ही. बाई, उद्या सकाळी या बाकांवर येऊन बसा. बुलडोझर आला तरी उठायचं नाही. एवढंच मागणं."

जमलेल्या गावकऱ्यांचे चाळीस कप एकापाठोपाठ एक जमिनीवर टेकले. शुक्रीचाही.

"राजधानीला विचारावं लागेल," बाई म्हणाल्या.

"विचारा की. कॉफी कुठे पळतेय?"

बाई भिंतीआड गेल्या. फोनवर चांगल्याच कडाडल्या. परत आल्या तेव्हा चेहरा लाल.

"नाही म्हणाले."

बाईंनी थंडगार कप उचलला. "सकाळी किती वाजता?"

सकाळी बाई पहिलीच्या बाकावर, गुडघे हनुवटीला. शेजारी आणखी दोन देशांचे साहेब, तसेच कोंबलेले. रिहाबचा धडा सुरू. वळणावर बुलडोझर घुरघुरत उभा आणि अधिकारी वरिष्ठांना फोनवर फोन लावतोय.

शुक्रीने खुर्ची आणून रस्त्याच्या मधोमध ठेवली, शाळा आणि बुलडोझरच्या बरोब्बर मध्ये.

"चौकात ठरलं होतं ना रे?" हिल्मी म्हणाला.

"आज चौक इथे. नऊच भरल्या, बस मुकाट्याने."

फेस लागला, वस्तरा फिरला. पोरं खिडकीला लटकून खिदळत होती. अधिकाऱ्याने भोंगा तोंडाला लावला. "ए, खुर्ची हटवा! ताबडतोब!"

"जरा दम धरा साहेब," हिल्मी अर्ध्या मिशीनिशी ओरडला, "अजून डावी बाजू राहिलीय! आणि हा शुक्री हाताला भारी सावकाश!"