परत फिरवणारी

अल्मिरा देलिचला आमच्या लार्क्स या बायकांच्या बास्केटबॉल संघाने घेतलं, त्या एप्रिलमध्ये डे मॉइन शहराला जो आनंद झाला तसा मी इथे त्रेपन्न वर्षं राहून कधी पाहिला नव्हता. देशभरातल्या नव्या खेळाडूंमधून दुसऱ्या क्रमांकावर निवड, उंची सहा फूट सहा इंच, जागा सेंटरची, म्हणजे थेट बास्केटखाली. आणि मुख्य म्हणजे पोरगी इथलीच. आमच्या स्टेडियमपासून अकरा गल्ल्यांवर तिचं घर. आईबाप बॉस्नियातल्या लढाईतून जीव वाचवून इथे आलेले. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात, बाप सेनाद लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो.

कॉलेजात ही मुलगी सामन्यामागे चोवीस गुण करत होती. आणि आमचा संघ? मागच्या वर्षी चाळीस सामन्यांत सात जिंकलेला. तेव्हा लोकांना तिच्याकडून काय हवं होतं ते वेगळं सांगायला नको. तिने अजून एक चेंडूही टाकला नव्हता, तरी तिच्या बत्तीस नंबरचे शर्ट संपले होते. माझ्या दंतवैद्याने माझ्या तोंडात हत्यार घालून मला विचारलं, "मग काय आर्डिस, यंदा आपणच ना?" मी तोंड उघडं ठेवूनच मान हलवली.

त्यात मेरिबेथच्या बेकरीने जाहीर करून टाकलं की अल्मिराने एका सामन्यात वीस गुण केले की दुसऱ्या दिवशी सकाळी तिकीट दाखवणाऱ्याला एक दालचिनीचा रोल फुकट. आता आमच्याकडे त्या रोलचं किती कौतुक आहे हे मी सांगू शकते. शाळेच्या स्वयंपाकघरात मी एकतीस वर्षं तेच भाजले आहेत. हिवाळ्यात चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याच्या, वाडग्याशेजारी रोल नसला तर मुलं ताट परत आणायची.

मे महिन्यात सामने सुरू झाले. पहिल्या सामन्यात अल्मिराने चार गुण केले आणि पाच फाऊल. दुसऱ्यात सात. तिसऱ्यात पुन्हा चार. या पातळीवर समोरच्या बायका तिच्याइतक्याच उंच आणि तिच्यापेक्षा दहा वर्षं जुन्या. चेंडू हातात आला की दोघी-दोघी अंगावर. ती घाई न करता चेंडू बाहेर मोकळ्या असलेल्या सोबतिणीकडे द्यायची. लोकांना ते पटत नव्हतं.

"अगं टाक की! टाक!" आमच्या मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडायचं. मग दुसरा, "रोल कुठाय?" आणि सगळीकडे हशा. जूनअखेर त्या हशातली गंमत गेली आणि राग तेवढा उरला. ती बाकावरून उठली तरी "रोल! रोल!" सुरू व्हायचं.

माझ्या शेजारची खुर्ची ओडेलची. जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. आठ वर्षं आम्ही शेजारी बसतो आणि आठ वर्षं भांडतो.

"हिला उगीच घेतली," तो म्हणाला. "दारात कपाट उभं केल्यासारखी उभी राहते नुसती."

"तेच तर," मी म्हटलं. "कपाट ओलांडून कोण आत येतंय का ते बघ."

मी चौथ्या सामन्यापासून एक वही आणायला लागले होते. समोरच्या संघाची मुलगी बास्केटकडे धावत आत शिरायची, अल्मिरा नुसती एक पाऊल सरकून हात वर करायची, आणि ती मुलगी चेंडू घेऊन आल्या वाटेने मागे फिरायची. अशी मागे फिरली की मी वहीत एक रेघ मारायची. सामन्याच्या कुठल्याही हिशेबात हे येत नाही. चेंडू अडवला तर नोंद होते, उडालेला पकडला तर होते. जो चेंडू कुणी टाकलाच नाही त्याची नोंद कोण करणार? ओडेल कपाट म्हणाला त्या दिवशी चारपैकी तिसऱ्या डावापर्यंतच एकोणीस रेघा झाल्या होत्या.

ओडेलने वहीत डोकावून पाहिलं. "हे काय? शून्य मोजतेस होय?"

"हो. मी स्वतःच चार वर्षं शून्य होते."

तेव्हा मी त्याला पहिल्यांदा सांगितलं. आमच्या काळी आयोवात मुलींचा बास्केटबॉल वेगळाच होता. एका बाजूला सहा जणी. तिघी फॉरवर्ड, त्या फक्त गुण करायच्या. तिघी गार्ड, त्या फक्त अडवायच्या. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. मी गार्ड. हायस्कुलात चार वर्षं खेळले आणि एक गुण केला नाही. करायची परवानगीच नव्हती. एकोणसत्तर साली राज्याच्या स्पर्धेत, इथेच, या शहरात, सामन्याला एक्कावन्न गुण करणाऱ्या पोरीला मी एकोणिसावर ठेवलं. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आमच्या फॉरवर्डचा. माझं नाव तळाशी, तेही चुकीचं छापलेलं.

ओडेल म्हणाला, "आठ वर्षं शेजारी बसतेस आणि हे आत्ता सांगतेस?"

"तू कधी बोलू देतोस?"

जुलैतल्या एका रविवारी दुपारी मात्र फार वाईट झालं. बाहेर भाजून काढणारं ऊन, आत बारा हजार माणसं, आणि अल्मिराने पहिल्या अर्ध्यात एकही गुण केला नाही. तिचे दोन चेंडू बास्केटच्या अगदी कडेवरून उडाले. लोक चक्क हुर्यो करायला लागले. आपल्याच घरच्या पोरीची. आमच्या दोन रांगा पुढे तिचा बाप बसला होता. रात्रभर ट्रक चालवून तसाच आलेला, अंगात तोच चुरगळलेला शर्ट. मांडीवर बायकोने दिलेला बुरेक, म्हणजे खिमा भरलेली त्यांच्याकडची खारी, कागदात गुंडाळलेला, त्याने तो उघडलाही नव्हता.

मागून एक जाडजूड गडी उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "रोल दे, नाहीतर घरी जा!"

सेनाद उठला. मला वाटलं आता हातघाई होणार. तो वळला, त्याने त्या माणसाला शोधून काढलं, आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, ती घरीच आहे. अकरा गल्ल्या पलीकडे. आणखी कुठे जायचं तिने?"

आमच्या भागातल्या दोन-तीनशे माना त्या गड्याकडे वळल्या. तो गडी खाली बसला. सेनादही बसला, पण त्याची मान ताठ होती आणि कान लालभडक. मला माझीच लाज वाटली. मी हुर्यो केली नव्हती, हे खरं. पण दोन महिने वहीत रेघा मारत गप्प बसले होते, हेही तितकंच खरं. मला जे दिसत होतं ते मी कुणाला सांगितलं होतं? एका ओडेलला.

दुसरा अर्धा सुरू झाला. समोरच्या संघाची चपळ पोरगी आत घुसली, अल्मिरा सरकली, पोरगी चेंडू घेऊन मागे. मी उठून उभी राहिले. गुडघ्याने कुरकुर केली. एकतीस वर्षं चारशे मुलांच्या गोंगाटात हाका मारून कमावलेला आवाज आहे माझा, तो मी सगळा लावला.

"परत!"

लोक माझ्याकडे बघायला लागले. ओडेलने माझी बाही ओढली. "बस गं! काय चाललंय?"

पुढच्या खेपेला दुसरी आली. तिनेही आत पाहिलं, अल्मिराचे हात पाहिले, आणि चेंडू बाहेर फेकला.

"परत!" मी पुन्हा ओरडले. "दोन!"

"देवा रे," ओडेल म्हणाला. तिसऱ्या वेळी तो माझ्याबरोबर उभा राहिला. बसच्या मागच्या दारापर्यंत पोचणारा त्याचा आवाज. "परत! तीन!"

समोरच्या रांगेतल्या बाईने वळून विचारलं, "काय मोजताय तुम्ही?" मी बोट दाखवलं. "त्या आत येतात ना, त्या बघू नका. परत जातात त्या बघा." तिने दोन मिनिटं पाहिलं आणि तिच्या तोंडातून "अय्या!" निघालं. आठवर गेलो तेव्हा आमची अख्खी रांग उभी होती. चौदावर गेलो तेव्हा आमचा सगळा भाग. सेनाद मात्र बसूनच होता. त्याने बुरेक उघडला, एक मोठा तुकडा तोडला, आणि मागे न बघता खांद्यावरून माझ्याकडे केला.

सामना आम्ही सहा गुणांनी जिंकलो. अल्मिराचे गुण पाच. रेघा सव्वीस.

सामना संपल्यावर ती पायऱ्या चढून वर आली. बापाला भेटायला आली असेल असं मला वाटलं. त्याला तिने मिठी मारली खरी, पण मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. जवळून ती फारच लहान दिसत होती. बावीस वर्षांची पोर, भुवईवर टाके.

"ते ओरडणं तुमचं होतं ना, आजी?"

"माझं. आणि या बसवाल्याचं."

"मला आधी वाटलं, परत जा असं मलाच म्हणताय."

मी घाईघाईने वही उघडून तिच्यापुढे धरली. "तुला नाही गं बाई! ह्या बघ. ही एकेक रेघ म्हणजे तू परत पाठवलेली एकेक जण. हे मे महिन्यातलं पान. हे जूनचं. हे आजचं."

तिने उभ्या-उभ्या सगळी पानं उलटली. मग पायरीवर बसली. "रोज रात्री मी फक्त गुणांचा तक्ता बघत होते," ती म्हणाली. "वाटायचं, एवढ्या लोकांनी माझ्या नावाचे शर्ट घेतलेत आणि मी सगळ्यांना उपाशी ठेवतेय."

"गुण येतील. तुझा हात चांगला आहे, खांदा जरा घाई करतो एवढंच. पण ऐक, तुला काय करायला सांगितलंय तुझ्या कोचबाईंनी?"

"दार सांभाळायला."

"मग? सांभाळतेयस. आम्हालाच बघता येत नव्हतं. ते आमचं शिकायचं राहिलं होतं."

"आजी, तुम्ही खेळायचात?"

"गार्ड होती ती," ओडेल मधेच म्हणाला, आणि माझ्यापेक्षा त्याचीच छाती फुगली. "एक्कावन्नवालीला एकोणिसावर ठेवलेली! चार वर्षांत एक गुण नाही, बघ!"

ऑगस्टपर्यंत "परत" सगळ्या स्टेडियममध्ये गेलं होतं. आधी वरच्या मजल्यावर, मग पलीकडच्या बाजूला, मग बारा हजार माणसं एका सुरात. पाहुण्या संघाच्या मुली आत शिरताना वर छताकडे बघायच्या. मेरिबेथनेही शब्द बदलला. पाहुण्यांना सत्तरच्या आत ठेवलं की रोल. पहिल्या आठवड्यातच दोनदा वाटायला लागले, आणि मला सकाळी सहाला फोन आला की आर्डिस, एवढी कणीक मळायला हात देशील का. मी गेले. राज्याच्या जत्रेत दरवर्षी लोण्यातून कोरलेली गाय ठेवतात, ती बघायच्या रांगेत तीन अनोळखी माणसांनी मला थांबवून विचारलं, "काल किती परत?"

कपबिप आम्ही जिंकलो नाही. चाळीसपैकी एकवीस सामने जिंकून बाद फेरीत गेलो, आमच्या संघाच्या इतिहासात पहिल्यांदाच, आणि पहिल्याच फेरीत हरलो. शेवटचा सामना घरी होता, रविवारी दुपारी. समोर या खेळातली सगळ्यात नावाजलेली सेंटर. तिने सतरा वेळा प्रयत्न केला आणि तीनदाच चेंडू आत गेला. अल्मिराचे गुण अकरा. आम्ही तीन गुणांनी हरलो. भोंगा वाजला तशी अल्मिरा बाकावर बसली आणि तिने डोक्यावर टॉवेल ओढून घेतला.

कुणीही खुर्ची सोडली नाही. म्हणजे सोडली, पण निघायला नाही. बारा हजार माणसं उभी राहिली आणि टाळ्या वाजवत राहिली, पाहुण्या मुली आत निघून गेल्या तरी. शेवटी तिच्या सोबतिणींनी तिला दोन्ही दंड धरून उभं केलं. तिने टॉवेल काढला आणि गोल फिरून सगळ्यांकडे बघितलं, जणू एवढी माणसं पहिल्यांदाच दिसत होती. सेनाद रडत होता आणि लपवत नव्हता.

"बघा माझी मुलगी," तो आमच्याकडे वळून म्हणाला. "बघा."

"बघतोय, भाऊ," ओडेल म्हणाला. "सगळा उन्हाळा तेच तर केलं."

सेनादला त्याच संध्याकाळी टेक्ससला माल घेऊन जायचं होतं. आम्ही गाडीतळावर आलो तेव्हा बाप-लेक ट्रककडे चालले होते, ती अजून खेळाच्या कपड्यांत, त्याचा डबा तिच्या हातात. गाड्यांची रांग लागलेली, पण लोकांनी गाड्या थांबवून दोघांना वाट करून दिली. सही मागायला कुणी उतरलं नाही. एका गाडीतून फक्त एक म्हातारी बाई काच खाली करून म्हणाली, "पोरी, पुढच्या वर्षी काय?"

अल्मिरा थांबली. जरा विचार करून म्हणाली, "पुढच्या वर्षी पण कुणाला आत येऊ देणार नाही."

एकाने हॉर्न वाजवला. मग दुसऱ्याने. मग त्या तळावरच्या झाडून सगळ्या गाड्या वाजायला लागल्या. सेनाद धावत ट्रकमध्ये चढला आणि त्याने आपला भलामोठा भोंगा असा काही दाबून धरला की बाकीचे सगळे आवाज त्यात बुडून गेले. अल्मिरा दोन्ही कानांवर हात ठेवून हसत होती.