दर पाहुण्याचं वेगळं नाव

कुत्रा नाही.

कोंबड्या आहेत. मांजर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत आहे, ससा पिंजऱ्यात. सफरचंदाच्या झाडाखाली गळलेली फळं आणि त्यांवर गांधीलमाश्या. हवेत पहिला गारवा. सगळं जागच्या जागी. फक्त कुत्रा नाही.

"काकांबरोबर फिरायला गेला असेल," नवरा म्हणाला. तो दंताळ्याने पिवळी पानं ओढत होता.

"काका गेले. मघाशीच. खोलीची किल्ली टेबलावर ठेवून."

दंताळं थांबलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि

नाही, आधी हे सांगायला हवं.

आमचं अतिथीगृह गावाबाहेर आहे. चार खोल्या, मोठी बाग. लोक येतात ते मात्र कुत्र्यासाठी. पाहुणा आला की कुत्रा त्याचा. त्याच्याच खोलीत झोपणार, त्याच्याबरोबरच टेकडी चढणार. आणि त्याला नावही पाहुण्यानेच द्यायचं. ही कल्पना माझी. जाहिरातीतसुद्धा छापली होती. कुणी शेरू ठेवलं, कुणी बिस्किट. एका नवरीने तर नवऱ्याचंच नाव दिलं आणि मुक्काम संपेपर्यंत दोघांना मिळून "बस, बस" म्हणत राहिली.

"नावं ठेवायला पाहुण्यांना आपण कमी पडत होतो," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून सूनबाईने कुत्रा दिला!"

या वेळचे पाहुणे घड्याळं दुरुस्त करणारे काका. एकटेच. त्यांनी नाव ठेवलं मास्तर.

आता आम्ही दोघं गाडीत, काकांच्या मागावर. मी स्वयंपाकघरातल्या सपातांवर, हाताला पीठ.

"चोर आहे म्हातारा," मी म्हणाले. "तरी मला शंका आलीच होती. स्वतःची कपबशी स्वतः विसळणारा पाहुणा असतो का कुठे?"

"तू तेव्हा म्हणालीस, किती गुणी माणूस."

"तू रस्त्याकडे बघ."

पेट्रोल पंपावर त्यांची गाडी उभी. पुढच्या सीटवर कुत्रा. सीटचा पट्टा लावून.

पट्टा लावून!

"काका, हे काय?" माझा आवाज फाटला.

काका माझ्याहून घाबरलेले. हातात फोन. "अहो, तुमचाच नंबर लावतोय मघापासून. बॅग ठेवायला दार उघडलं, तर हा आत. मला वाटलं, फाटकापर्यंत पोचवायला येतोय. फाटक गेलं, हा ढिम्म. मग वाटलं..."

"काय वाटलं?"

"तुमच्याकडे अशीच पद्धत असेल."

नवऱ्याला हसू आलं. मी त्याच्याकडे पाहिल्यावर ते गेलं.

"मारा हाक," काकांनी पट्टा काढून दार उघडलं. "तुमचाच तर आहे."

मी तोंड उघडलं.

उघडंच राहिलं.

पिल्लू होता तेव्हापासून घरात आहे. त्याच्या कानातल्या गोचिडी मी काढते, त्याला आंघोळ मी घालते. आणि हाक कधीच मारली नव्हती. हाक मारायला पाहुणे होते.

"शेरू?"

कान हलले. सगळी नावं त्याला येत होती.

"बिस्किट! ये ना! कॅप्टन! वाघ्या!"

दर नावाला कान हलत होते. बूड नाही. पंपावरचा माणूस नळी हातात धरून आमच्याकडे बघत होता. "वहिनी, नक्की कुत्रे किती आहेत?"

काका खाली वाकले. हळूच म्हणाले, "मास्तर, उतर. जा घरी."

तो उतरला. सरळ चालत आला, आमच्या गाडीत चढला, मागच्या सीटवर ताठ बसला. पहिल्यांदा आलेला पाहुणा बसतो तसा.

"आला एकदाचा," नवऱ्याने किल्ली फिरवली. "चल."

मला चालेना. आला, पण त्यांच्या शब्दावर. आपल्या घरी यायला त्याला दुसऱ्याचा हुकूम लागला.

"थांब," मी म्हणाले. खाली उतरून मागचं दार उघडलं. मला फक्त बघायचं होतं. एवढ्या वर्षांचं मीठ आहे, तो हलणार नाही, माझ्याकडे बघत राहील, मग मी दार लावीन. एवढंच.

"मास्तर," मी म्हणाले, "जायचं तर जा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. माझ्या हाताचं पीठ हुंगलं. मग खाली उडी मारली आणि काकांच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला.

"गेला!" मी.

"तूच म्हणालीस जा."

"मी म्हणाले म्हणून काय झालं?" मी पंपाच्या तेलकट जमिनीवर मटकन बसले. "अरे, जायचं असतं का?"