दोन खुणांची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. रेघा मारायची नव्हे हं! बोटीच्या इंजिनात तेल किती आहे ते मोजायची, वीतभर लांबीची पोलादी पट्टी. माझ्या अंगावर दोनच खुणा आहेत. खालच्या खुणेच्या खाली तेल गेलं तर कमी, वरच्या खुणेच्या वर गेलं तर जास्त. एवढंच मला कळतं, पण ते पक्कं कळतं.

आमचं इंजिन जन्माला आलं शर्यतीच्या बोटीसाठी, दूर समुद्रकिनारी. भारी चपळ! वेगात असलं की त्याच्या माथ्यावरचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, एका सेकंदात पन्नास-पन्नास वेळा उघडझाप करायचे. त्यांना हलवणारे इवलेसे रॉकर तेलाच्या पातळ थरावर नाचायचे. थर तुटला की लोखंडावर लोखंड घासलंच म्हणून समजा. म्हणून तिथला मिस्त्री रोज मला बाहेर काढून पुसायचा, पुन्हा बुडवायचा आणि डोळ्यांजवळ धरून बघायचा. फार मान होता हो माझा!

पुढे नवी इंजिनं आली आणि आम्ही अडगळीत गेलो. फिरत फिरत चाळीसगावच्या भंगारवाल्याकडे पोचलो. तीन वर्षं मला कुणी हात लावला नाही. मला वाटलं, संपलं आपलं.

तेवढ्यात भिकननाना आले. तापीकाठच्या एका गावात ते बोट चालवतात. त्यांनी इंजिनावरून असा हात फिरवला, जणू बैलच पारखत होते. घरी आणलं, धुतलं, हळद-कुंकू वाहिलं. नानांचा जीव मोठा आणि हात त्याहून मोठा. वांग्याच्या भरतावर तेलाचा थर तरंगला नाही तर त्यांना घास उतरत नाही. इंजिनाचेही ते तसेच लाड करायचे. डबा घ्यायचे आणि ओतायचे. मला बाहेर काढायचे, पण बघायचे कुठे? पुसून परत खोचून द्यायचे.

त्यांची सून शिल्पा पहूरची. शेतात ठिबकच्या नळ्या बसवायचं काम करते, त्यामुळे मापाला पक्की. एकदा तिने मला नीट पाहिलं आणि म्हणाली, "नाना, तेल जास्त झालंय. वरच्या खुणेच्या वर दोन बोटं आहे."

नाना हसले. "कमी पडनं ते इंजिन मरस. जास्ती व्हयनं ते काय बिघडस?"

बिघडतं हो, बिघडतं! मी खोबणीत ओरडत होते, पण पट्टीचा आवाज कुणाला ऐकू जाणार? बोट हळू चालायची तोवर खरंच काही बिघडलं नाही. म्हणून नानांना वाटलं, आपलंच खरं.

मग तो वैशाखातला दिवस आला. वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा सकाळी वाजला. नदीपात्रातल्या वाळूच्या बेटावर नानांची थोरली बहीण रुक्माअक्का एकटीच डांगरं, म्हणजे खरबुजं, तोडत होती. तिला कमी ऐकू येतं. आई गेल्यावर याच अक्काने नानांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. नानांनी बोट सोडली. शिल्पानेही कामाची पिशवी खांद्याला तशीच ठेवून आत उडी मारली. नानांनी पहिल्यांदाच इंजिन पुरतं पळवलं.

निम्म्या वाटेत माथ्यावर टक्‌टक् सुरू झालं. इंजिनाची ताकद गेली. नाना डबा घेऊन धावले, आणखी तेल ओतायला!

"थांबा, नाना! इंजिन बंद करा!" शिल्पाने मला ओढून काढलं. माझ्या अंगावर तेल नव्हतं, नुसता फेस होता. "बघा. तेल इतकं भरलंय की फिरता दांडा त्यात बुडून त्याला घुसळतोय. फेस होऊन वर जातोय. त्यातली हवा काय रॉकरला ओलं करणार?"

समोर बेट आक्रसत होतं. अक्का पाठमोरी होती. नानांनी हाका मारल्या, त्या वाऱ्यावर गेल्या. त्यांनी इंजिन बंद केलं, वल्हं हातात घेतलं आणि बोट प्रवाहात धरून ठेवली.

शिल्पाने पिशवीतून ठिबकची बारीक नळी काढली, माझ्या जागेतून आत सोडली आणि दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. काळं तेल थेट तोंडात आलं. थुंकली, नळीचं टोक खाली डब्यात धरलं. धार लागली. मी तिच्या मांडीवर होते. फेस बसेपर्यंत तिने थांबून वाट पाहिली. मग मला ओढणीने पुसलं, बुडवलं, काढलं. तेल वरच्या खुणेला आलं होतं, बरोब्बर! आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

इंजिन सुरू झालं. टक्‌टक् विरली. आम्ही पोचलो तेव्हा पाणी अक्काच्या गुडघ्याला लागलं होतं. ती डांगर छातीशी धरून म्हणते कशी, "कसाले उना रे भिकन?" म्हणजे, आलासच कशाला! नानांनी डांगरासकट तिला उचलून बोटीत घेतलं. मग शिल्पाचे काळे ओठ आपल्या उपरण्याने पुसले. "माय, मनीच चूक शे," अशी चूक कबूल केली, आणि रडले.

मित्रांनो, माया करावी, भरपूर करावी. पण समोरच्याला किती हवं ते आधी विचारावं. आणि तुमच्या घरात कुणी माझ्यासारखं खरं सांगणारं असेल, तर त्याला नुसतं पुसून ठेवू नका. त्याचं ऐका.

नाना आजही भरतावर तेल तरंगल्याशिवाय जेवत नाहीत, ती खोड जायची नाही. पण रोज सकाळी मला बाहेर काढतात, डोळ्यांजवळ धरतात आणि हाक मारतात, "शिल्पा, देख वं माय, बराबर शे ना?" ती येते, माझ्या दोन खुणा बघते, मान हलवते. मगच बोट सुटते.